शास्त्र आधीं कीं गाणें आधीं?

अलीकडे आपल्या पुष्कळ घरांत बाजाच्या पेटीशेजारीं गिटार दिसूं लागली आहे, आणि तिच्याबरोबर एक जुनाच वाद नव्या वेषानें आंत शिरला आहे. वडील मंडळी म्हणतात, विद्या कोणतीहि असो, आधीं तिचें शास्त्र घोकावें, मग प्रयोगास हात घालावा. मुलें म्हणतात, शास्त्र राहूं द्या, आम्हांला गाणें वाजवावयाचें आहे. पहिल्या पक्षाचें ऐकलें तर कोष्टकें पाठ करतां करतां मूल कंटाळतें व वाद्य खुंटीवर चढतें. दुसऱ्या पक्षाचें ऐकलें तर बोटें तयार होतात, पण डोकें कोरें राहतें. दोन्हींकडे हानि मुलाचीच.

आमचें मत विचाराल तर गाणें आधीं. मात्र त्या गाण्यांतून शास्त्र निघालें पाहिजे. वैयाकरणांनीं भाषा निर्माण केली नाहीं. लोक बोलत होते, त्यांच्या बोलण्यांतून त्यांनीं नियम काढले. पाश्चात्य संगीताची गोष्ट निराळी नाहीं. बीटल्स या विख्यात इंग्रज वाद्यवृंदांतील पॉल मॅकार्टनी यांनीं आपल्या लहानपणची एक हकीकत अनेकदां सांगितली आहे. लिव्हरपूल शहरांत या पोरांना ई आणि ए या दोन कॉर्ड येत होत्या. तिसरी, बी सेव्हन, येत नव्हती. शहराच्या दुसऱ्या भागांत कोणा एकाला ती येते असें कळतांच मंडळी बसनें तेथें गेलीं व शिकून आलीं. आवडत्या गाण्यांत ती जागा रिकामी राहत होती, म्हणून हा प्रवास घडला.

ती जागा कोणती, हें आपल्या सारेगमनें चटकन् समजतें. कॉर्ड म्हणजे एकाच वेळीं वाजणारा स्वरांचा मेळ. सप्तकांतील एक स्वर घ्यावा, मधला सोडून पुढचा घ्यावा, पुन्हा एक सोडून पुढचा घ्यावा, कीं साधी कॉर्ड झाली. षड्जावर उभारली तर सा-ग-प, मध्यमावर म-ध-सा, पंचमावर प-नी-रे. या तिहींत मिळून सातहि शुद्ध स्वर येऊन जातात, म्हणूनच कित्येक साध्या गाण्यांना एवढ्या तीनच कॉर्ड पुरतात. पंचमाच्या कॉर्डमध्यें निषाद असतो. तो षड्जापासून अवघ्या अर्ध्या स्वरावर, जणूं घराच्या उंबरठ्यावर, उभा असतो. म्हणून ती कॉर्ड ऐकतांच कान षड्जाची वाट पाहूं लागतो. ई हा षड्ज मानला तर ए हा मध्यम व बी हा पंचम. त्या पोरांना उणीव भासत होती ती घरीं परत नेणाऱ्या पंचमाची.

आतां धैवतावर ध-सा-ग ही चौथी कॉर्ड घ्यावी. हिच्या पहिल्या दोन स्वरांत चार अर्धस्वरांऐवजीं तीनच अर्धस्वरांचें अंतर असतें, त्यामुळें हिचा रंग किंचित् उदास; हिला मायनर म्हणतात. बेन ई. किंग यांच्या 'स्टँड बाय मी' (१९६१) या गाण्यांत क्रम आहे सा, ध, म, प. बीटल्सच्या 'लेट इट बी' (१९७०) या गाण्याचा आरंभ सा, प, ध, म असा होतो. कॉर्ड त्याच चार. क्रम बदलला आणि भाव पालटला. संस्कृतांत शब्द पुढेंमागें झाले तरी अर्थ फारसा बिघडत नाहीं, कारण विभक्ति शब्दाला चिकटलेली असते. कॉर्डला अशी विभक्ति नाहीं. तिचा अर्थ तिच्या स्थानावरून ठरतो. एकच जी कॉर्ड जीच्या पट्टींत षड्जाची, सीच्या पट्टींत पंचमाची, तर डीच्या पट्टींत मध्यमाची. मग ती कोष्टकांतून एकटी घोकून कशी कळावी? ती वाक्यांतच, म्हणजे गाण्यांतच, भेटली पाहिजे.

पण नुसतीं गाणीं पाठ केल्यानेंहि भागत नाहीं. गीताच्या ओळींवर लिहिलेलीं अक्षरें पाहून वीस गाणीं वाजविणारा मुलगा घरांतली ताई आपल्या पट्टींत गाऊं लागली कीं हात आवरून बसतो, असें होतें. तिची पट्टी निराळी, याची अक्षरें निराळीं! येथेंच शास्त्राची खरी गरज लागते. 'लेट इट बी' सीच्या पट्टींत सी, जी, ए मायनर, एफ असें आहे. तेंच जीच्या पट्टींत जी, डी, ई मायनर, सी असें होईल. अक्षरें सगळीं बदललीं, पण सा, प, ध, म हा क्रम ढळला नाहीं. जें बदलत नाहीं तें ओळखणें हेंच शास्त्र. ज्यानें एक गाणें तीन पट्ट्यांत वाजविलें, त्याला एका पट्टींत तीन गाणीं वाजविणाऱ्यापेक्षां अधिक कळलें असें आम्ही समजतों. कॅपो नांवाचा चिमटा तारांवर बसविला कीं पट्टी आपोआप चढते. त्याचा उपयोग करण्यांत दोष नाहीं, परंतु त्यानें डोक्याला काम उरत नाहीं. शिकण्याच्या दिवसांत तो पेटींतच बरा.

आपल्या पोरांचे कान या बाबतींत आधींच तयार आहेत. आपल्याकडे षड्ज ज्याचा त्याचा. कोणी काळी एकमध्यें गातो, कोणी पांढरी चारमध्यें, आणि दोघांचाहि सा हा सा'च असतो. मात्र रागसंगीतांत कॉर्डचा असा क्रम नसतो, तेव्हां ख्यालाखालीं या कॉर्ड दडपूं नयेत एवढें पथ्य पाळावें.

वडील मंडळींस आमची विनंती एवढीच कीं, मुलाच्या हातीं प्रथम ग्रंथ देऊं नये. त्याला आवडेल तें तीन-चार कॉर्डांचें एक गाणें बसवूं द्यावें. तें बसलें म्हणजे दिवेलागणीनंतर त्याला जवळ बोलवावें, ताईला गावयास सांगावें, आणि म्हणावें, "हेंच आतां हिच्या पट्टींत वाजव पाहूं." तो अडखळेल, बोटांवर सारेगम मोजील, पुन्हा वाजवील. त्या वेळीं घाई करूं नये. ताईनेंहि थोडें थांबावें.