दप्तराची नावे आणि अवतरणचिन्हे

पुण्याहून पौडकडे जाणाऱ्या रस्त्यावरील भुकूमसारख्या गावात, जिथे शेतजमिनींचे भूखंड होऊन वसाहती उभ्या राहत आहेत, तिथे सातबारा, फेरफार, खरेदीखत आणि बिनशेतीचा हुकूम ही कुटुंबाची खरी दौलत आहे. आणि या कागदांच्या संगणकीय प्रती दुसऱ्या डिस्कवर नेऊन ठेवण्याचे काम ज्यांनी एखाद्या लहानशा शेल स्क्रिप्टवर सोपवले आहे, त्यांची सारी भिस्त तिच्यातील दोन-चार चिन्हांवर असते.

स्क्रिप्ट चुकली की जाणकार मंडळी फाइलला नाव देणाऱ्यालाच दोष देतात : नावात रिकामी जागा सोडू नका, मराठीत लिहू नका. हा उपदेश मला सर्वथा अमान्य आहे. ‘७/१२’ मधील तिरकी रेघ युनिक्स प्रणालीला फाइलच्या नावात खरोखरच चालत नाही, हे मान्य. पण ‘भुकूम फेरफार’ हे नाव निर्दोष आहे. कसूर असते ती हे नाव ठेवणाऱ्या व्हेरिएबलभोवती दुहेरी अवतरणचिन्हे न घालणाऱ्याची, कारण ती नसली की शेल त्याच नावाचे दोन तुकडे करते आणि ‘भुकूम’ व ‘फेरफार’ या दोन निराळ्या वस्तू समजून पुढील आज्ञेच्या हवाली करते. २००१ च्या नोव्हेंबरात ॲपलच्या आयट्यून्स २.० च्या स्थापना-स्क्रिप्टमध्ये हीच उणीव राहिली, आणि डिस्कच्या नावात रिकामी जागा असलेल्या काही लोकांचा संग्रहच्या संग्रह पुसला गेला.

तारकाचिन्हाचा प्रकार याहून सूक्ष्म आहे. फाइलींच्या नकला करणाऱ्या, १९९६ साली आलेल्या आरसिंक या प्रोग्रामला तात्पुरत्या फाइली वगळण्याची आज्ञा देताना ‘*.टीएमपी’ हा नमुना अवतरणचिन्हांविना लिहिला, आणि चालू फोल्डरात तशा अनेक फाइली असल्या, तर शेल नमुन्याच्या जागी त्या फाइलींची नावेच मांडते. मग पहिली तेवढी वगळली जाते आणि उरलेल्या नकलेसाठी पुढे केल्या जातात, म्हणजे हुकमाच्या नेमका विपरीत अंमल होतो. प्रश्नचिन्ह तर आपल्या लिपीला अधिकच परके आहे : ते एका वर्णाची जागा घेते असे पुस्तके सांगतात, परंतु काना, मात्रा आणि उकार संगणकाच्या लेखी स्वतंत्र असल्यामुळे, आपण तीन अक्षरांचे मानतो त्या ‘भुकूम’ला पाच प्रश्नचिन्हे लागतात.

केवळ अवतरणचिन्हांनीही सर्व धोके टळत नाहीत. ज्यातून नकला घ्यायच्या त्या फोल्डराचे नाव ठेवणारा व्हेरिएबल रिकामा राहिला आणि त्यापुढे तिरकी रेघ असली, तर उरतो तो संगणकाचा सर्वांत वरचा, ‘रूट’ फोल्डर. अशा वेळी ‘डिलीट’ची मुभा दिलेली असेल, तर मूळ ठिकाणी नाही असे ठरलेले सारे जतन केलेले दप्तर आरसिंक बिनदिक्कत पुसून टाकते. रिकाम्या व्हेरिएबलवर तिथेच थांबण्याची सोय शेलमध्ये आहे, तिचा उपयोग केलाच पाहिजे.

म्हणून ज्या ग्रामपंचायती, गृहसंस्था व वकील अशी कामे पैसे देऊन करवून घेतात, त्यांनी काम स्वीकारण्यापूर्वी एक चाचणी मागावी : मराठी नावे, रिकाम्या जागा, कंस आणि आरंभी आडवी रेघ असलेल्या फाइलींचे एक खोटे दप्तर तयार करून, आरसिंकच्या कोरड्या तालमीत, म्हणजे प्रत्यक्ष काही न बदलता घेतलेल्या फेरीत, कोणती फाइल कुठे जाणार आणि कोणती पुसली जाणार याची यादी समोर छापून घ्यावी, आणि ती जुळल्याखेरीज देयक मंजूर करू नये.