घरी शिकणाऱ्या मुलांना बीजगणित केव्हा?

मागील महिन्यात आम्ही दोघे गणित शिक्षक बहादरपुरातील एका घरी गेलो होतो. घरच्या अडचणीमुळे त्या घरची मुलगी दोन वर्षे शाळेत न येता आई आणि आजोबांकडे शिकते आहे. जूनपासून तिला आपल्या शाळेत आठवीत घालायचे आहे. चहा झाल्यावर आजोबांनी विचारले, "गुरुजी, हिला बीजगणित सुरू करू का? की आधी पाढे पक्के होऊ द्यावेत?" आम्ही लगेच उत्तर दिले नाही. हा प्रश्न त्या एका घरापुरता नाही, म्हणून या अंकातून सर्वांसमोरच बोलावे असे ठरवले.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. प्रश्न प्रवेशाचा नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वयाला योग्य अशा वर्गात प्रवेश द्यावा लागतो आणि त्यासाठी चाळणी परीक्षा घेता येत नाही. प्रश्न त्यापुढचा आहे. अशा मुलांच्या पालकांना आपल्या कार्यालयातून एक फॉर्म मिळतो. कोणकोणती प्रकरणे झाली, त्यांपुढे खूण करायची. बीजगणितापुढे खूण असेल तर मूल थेट वर्गाबरोबर, नसेल तर कच्चे समजून मागच्या बाकावर. ही पद्धत बंद व्हावी असे आमचे स्पष्ट मत आहे.

खुणेवर आम्हीही एकदा फसलो आहोत. काही वर्षांपूर्वी घरी शिकून आणि जोडीला फाउंडेशनचा क्लास करून एक मुलगा आला. फॉर्मवर सगळ्या खुणा होत्या. पहिल्याच आठवड्यात फळ्यावर २क्ष = ६ लिहून दिले. त्याने लिहिले, क्ष = ६ − २ = ४. असे का, तर "पक्ष बदलला की चिन्ह बदलते". हे वाक्य त्याला स्तोत्रासारखे पाठ होते. २क्ष म्हणजे क्षची दुप्पट, हे मात्र कोणी त्याला सांगितले नव्हते. आम्ही काय केले? त्याच प्रकारची आणखी चाळीस उदाहरणे दिली. नववीपर्यंत त्याला गणित नकोसे झाले. त्यात क्लासपेक्षा दोष आमचा अधिक, कारण तो रोज आमच्यासमोर बसत होता.

मग वय पाहून ठरवावे का? वयाबाबत मोठमोठ्या मंडळांचेही एकमत नाही. एनसीईआरटीच्या २००६ च्या सहावीच्या पुस्तकात बीजगणिताचे स्वतंत्र प्रकरण होते. २०२४ मध्ये आलेल्या सहावीच्या 'गणित प्रकाश'मध्ये ते नाही. अक्षरांनी संख्या लिहिणे २०२५ च्या सातवीच्या पुस्तकात आले. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी शाळांनी २०१४ मध्ये बीजगणित आठवीतून नववीत नेले, आणि मार्च २०२४ च्या मतदानात तेथील नागरिकांनी ते आठवीत परत आणावे असा कौल दिला. घरी शिकणाऱ्या मुलाला तर घाईचे कारणच नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या दहावीलाही किमान वय चौदा पूर्ण लागते. शेजारच्या मुलाने सुरू केले, हे कारण आम्ही धरत नाही.

या बाबतीत आम्हांला भास्कराचार्यांचा क्रम पटतो. ते स्वतः घरीच, वडील महेश्वर यांच्याकडे शिकले. ११५० च्या सुमारास त्यांनी आधी 'लीलावती' म्हणजे व्यक्त गणित आणि मग 'बीजगणित' म्हणजे अव्यक्त गणित मांडले. आपल्या रेल्वेमार्गावरच्या चाळीसगावजवळ पाटण येथे त्यांचे नातू चांगदेव यांनी या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला. १२०७ च्या सुमाराचा तेथील शिलालेख त्याची साक्ष देतो. (तापी-पूर्णा संगमावरचे योगी चांगदेव ते वेगळे, विद्यार्थ्यांनी घोळ करू नये.) 'लीलावती'त अज्ञात संख्या काढायची इष्टकर्म नावाची रीत आहे. सोयीची एखादी संख्या धरायची, गणित करून पाहायचे आणि उत्तर त्या प्रमाणात वाढवायचे. म्हणजे अक्षर हाती यायच्या आधी मुलाने अज्ञाताशी अंकांनीच भरपूर खेळून घ्यायचे.

त्या मुलीला आम्ही असेच उदाहरण घातले. केळीच्या बागेतली निम्मी झाडे वादळात पडली, एकूण झाडांची पाव रोगाने गेली, दीडशे उरली. तर बागेत किती होती? तिने कागद घेतला नाही. "चार धरली तर दोन पडली, एक रोगाने गेले, एक उरले. एकाच्या जागी दीडशे, म्हणजे सहाशे." पावकी-निमकी आजोबांनी घोटून घेतल्याचा हा परिणाम. औटकीसुद्धा येते तिला. (आमच्यापैकी एकाला येत नाही!) मात्र दोन तृतीयांश आणि एक पंचमांश यांची बेरीज लिहून मागितली तेव्हा ती अडखळली. तोंडी अपूर्णांक पक्के आणि लेखी कच्चे, असे घरी शिकलेल्या मुलांत आम्ही बरेचदा पाहिले आहे.

मग 'बीजगणित' ग्रंथातले घोड्यांचे प्रसिद्ध उदाहरण घातले. एकाजवळ तीनशे रुपये आणि सहा घोडे आहेत. दुसऱ्याजवळ दहा घोडे, पण डोक्यावर शंभर रुपये कर्ज. सगळे घोडे एकाच किमतीचे आणि दोघांची संपत्ती सारखी. तर घोड्याची किंमत काय? येथे नुसते इष्टकर्म चालत नाही. तिने पन्नास धरले. एकाचे सहाशे झाले, दुसऱ्याचे चारशे. प्रमाणात वाढवायला गेली तर जमेना. पंचाहत्तर धरले, साडेसातशे आणि साडेसहाशे. ती थांबली. आजोबा सांगायला पुढे झाले, आम्ही त्यांना हात केला. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "सर, कर्ज फेडायला दुसऱ्याला शंभर दिले तर पहिल्यालाही शंभर द्यायला पाहिजेत ना? मग याच्याकडे चारशे जादा आणि त्याच्याकडे चार घोडे जादा."

हे वाक्य आले की मूल बीजगणिताला तयार झाले असे आम्ही समजतो. दोन्ही बाजूंना सारखेच केले तर समानता राहते, हे तिने स्वतःच्या शब्दांत सांगितले. कर्ज म्हणजे शून्याच्या पलीकडची संख्या, हेही तिला कळले. आपल्या भाषेत कर्जालाही ऋण म्हणतात आणि उणे संख्येलाही ऋण, ही केवढी सोय आहे! पक्ष आणि चिन्ह यांचा नियम तिला आता एका दिवसात समजेल.

उलट शाळेत रोज येणारे प्रत्येक मूल तयार असते असेही नाही. ८ + ४ = ☐ + ५ या चौकटीत किती? हा प्रश्न इतर देशांतही वर्गावर्गांतून विचारला गेला आहे आणि पुष्कळ मुले बारा लिहितात. आमच्या सातवीतही बाराला बरेच हात वर गेले. उत्तर सात आहे. या मुलांना बरोबरचे चिन्ह म्हणजे "आता उत्तर लिहा" अशी आज्ञा वाटते. काट्याची दोन पारडी त्यांना त्यात दिसत नाहीत. विद्यार्थ्यांनो, ज्यांचे बारा आले त्यांनी लाजू नये, आमच्याकडे यावे.

पाढे पूर्ण पक्के होईपर्यंत थांबावे, हे आजोबांचे म्हणणे मात्र आम्हांला मान्य नाही. सतरा साते करताना जे मूल बोटे मोजते, पण घोड्यांचे वाक्य बोलते, त्याला अडवून ठेवणे हा अन्याय आहे. पाढे बीजगणिताबरोबरही होतात. लेखी अपूर्णांकांचे तसे नाही. ते डळमळीत असले तर पुढे प्रत्येक समीकरणात तीच ठेच लागते. म्हणून तिच्या आईला आम्ही सांगितले की मे महिना लेखी अपूर्णांकांना द्यावा आणि बीजगणिताचे पुस्तक तूर्त उघडू नये.

विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीत आम्ही दोन मागण्या ठेवणार आहोत. खुणांचा फॉर्म काढून टाकावा आणि प्रवेश झाल्यावर अशा प्रत्येक मुलाबरोबर गणित शिक्षकाने अर्धा तास बसून बोलावे. परीक्षा म्हणून नव्हे, गुणही नकोत. दुसरी मागणी शनिवारच्या एका जादा तासाची. त्यात घरून आलेली मुले आणि आमची "बारा" वाली मुले एकत्र बसतील. खर्च काही नाही, खोली रिकामीच असते. वेळ आम्ही देऊ.

घोड्यांचे उदाहरण अक्षर घेऊन कसे मांडतात, ते त्या दिवशी आम्ही तिला दाखवले नाही. तिने विचारले होते. "जूनमध्ये वर्गात फळ्यावर तूच मांड," असे सांगून आलो आहोत.