कोड खुला, अटी बंधनकारक

शाहूवाडी तालुक्यातील दूध उत्पादकाच्या पावतीवर लिटर, फॅट, एसएनएफ आणि दर छापणारी संगणकप्रणाली असो वा पतसंस्थेचे हिशेब ठेवणारी, अशा व्यावसायिक प्रणालींच्या बांधणीत मुक्तस्रोत कोड, म्हणजे जो कोणालाही वाचता, बदलता आणि पुढे देता येतो असा कोड, आज सर्रास वापरला जातो. अशी प्रणाली विकून पैसे मिळवण्यास मुक्तस्रोत परवान्यांची आडकाठी नसते. मात्र कोड विनामूल्य मिळाला म्हणून त्यावरील स्वामित्वहक्क संपत नाही, कारण 1957च्या कॉपीराइट कायद्याने संगणकीय आज्ञावलीला साहित्यकृतीचे संरक्षण दिले आहे आणि परवान्याच्या अटी मोडणाऱ्याला त्या परवान्याचा आधार उरत नाही.

हे परवाने ढोबळमानाने दोन प्रकारचे आहेत. एमआयटीसारखा सैल परवाना मूळ लेखकाची नोंद आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवण्यापलीकडे काही मागत नाही. जीपीएल मात्र असे बंधन घालतो की, त्याखालील कोड गुंफून तयार केलेली प्रणाली ग्राहकाच्या हवाली केली, तर तिचा संपूर्ण मूळ कोडही त्याच अटींवर त्याला उपलब्ध करून द्यावा. मराठी अक्षरेही यातून सुटलेली नाहीत. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून आलेला आणि रेड हॅटने खुला केलेला ‘लोहित’ हा फॉन्ट आधी जीपीएलखाली होता, तो 2011मध्ये ओपन फॉन्ट लायसन्सखाली आला. या परवान्यानुसार फॉन्ट विक्रीच्या प्रणालीसोबत देता येतो, पण नुसता फॉन्ट विकता येत नाही आणि त्यात केलेले बदल त्याच परवान्याखाली ठेवावे लागतात, तर त्या अक्षरांत छापलेल्या पावतीला कोणतीही अट लागू होत नाही.

या अटी कागदोपत्री राहिलेल्या नाहीत. म्युनिकच्या न्यायालयाने 2004मध्येच जीपीएलचा भंग करणाऱ्या कंपनीविरुद्धचा मनाई हुकूम कायम केला होता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, जीपीएलच्या अटींचा थेट लाभ ग्राहकाला मिळतो: पुरवठादाराने व्यवसाय गुंडाळला, तरी मूळ कोड हाती असलेल्या संस्थेला दुसऱ्या प्रोग्रामरकडून दुरुस्ती करून घेता येते आणि सभासदांचे वर्षानुवर्षांचे हिशेब अडकून पडत नाहीत.

सामाईक मालमत्ता पोटनियमांवाचून टिकत नाही, हे सहकारावर उभ्या असलेल्या कोल्हापूर जिल्ह्याला नव्याने सांगण्याची गरज नाही. म्हणूनच संस्थांच्या संचालक मंडळांनी प्रणाली खरेदी करताना किमतीबरोबरच तिच्यातील प्रत्येक मुक्तस्रोत घटकाची आणि त्याच्या परवान्याची यादी मागावी, मूळ कोड देण्याचे कलम करारात घालावे आणि जिल्ह्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी कोड लिहिण्याबरोबर परवाना वाचण्याचेही शिक्षण द्यावे. दुसऱ्याच्या श्रमावर व्यवसाय उभारणाऱ्याने त्याच्या अटी पाळल्याच पाहिजेत.