चूक सांगायची, पण कधी?

मागच्या सुट्टीत मी बेळगावातल्या एका छापखान्यात प्रुफं तपासत होते. एका लग्नपत्रिकेत मुहूर्त ११.४२ ऐवजी १२.४२ राहून गेला. लक्षात आलं तेव्हा स्क्रीन प्रिंटिंगच्या शंभर पत्रिका निघाल्या होत्या. सांगू की नको, यात दोन तास गेले. चर्चमध्ये कन्फेशनला न चुकता जाणारी मी, मालकांसमोर जायला मात्र घाबरले! शेवटी सांगितलं, तोवर चारशे झाल्या होत्या. काका एवढंच म्हणाले, "तेव्हाच बोलली असतीस तर तीनशे वाचल्या असत्या."

म्हणजे नुसतं खरं बोलून भागत नाही, ते वेळेवर बोलावं लागतं. अमेरिकेत १९७६ पासून एक पद्धत आहे: वैमानिकाने नकळत झालेली नियमभंगाची चूक १० दिवसांत कळवली, तर सहसा शिक्षा माफ होते. कारण लपवलेली तीच चूक उद्या दुसरा कोणी करणार.

म्हणून थोडी जबाबदारी साहेबांचीही आहे, असं मला वाटतं. ऐकायच्या आधीच जो ओरडतो, त्याला चूक सगळ्यात शेवटी कळते. काका ओरडले नाहीत. त्यामुळे पुढची चूक मी पाच मिनिटांत सांगितली.