सहल कोठें न्यावी?

दरवर्षीं सहामाही परीक्षा आटोपली कीं शाळाशाळांतून सहलीची चर्चा सुरू होते. अलीकडे या चर्चेंत एक नवीन मागणी ऐकूं येऊं लागली आहे. विद्यार्थिवर्गास आतां वेरूळ नको, महाबळेश्वर नको. त्यास बेट पाहिजे. कोणी अंदमान म्हणतो, कोणी लक्षद्वीप म्हणतो, आणि एखादा धीट विद्यार्थी तर सरळ बालीचें नांव घेतो. निळें पाणी, पांढरी वाळू आणि माडांची रांग यांचीं चित्रें आज मोबाइलच्या द्वारें खेड्यापाड्यांतील घरांतहि येऊन पोहोंचलीं आहेत. समुद्राचें दर्शनहि ज्यांस घडलेलें नाहीं अशा आमच्या काळ्या मातींतील मुलांस त्या चित्रांची ओढ लागावी, यांत नवल तें काय? आम्हांस या ओढीचें हंसूं येत नाहीं. अंदमानांतील १९०६ सालीं पूर्ण झालेलें कारागृह तर प्रत्येक मराठी मनुष्यानें एकदां पाहावें असेंच आहे. परंतु शाळेची सहल ही घरच्या प्रवासाहून निराळी वस्तु आहे. ती सर्वांची असते. म्हणून ती प्रथम आपल्याच यवतमाळ जिल्ह्यांत निघावी, आणि जिल्हा पाहून झाल्यावरच मग दूरचा विचार व्हावा, असें आमचें स्पष्ट मत आहे.

पहिलें कारण पैशाचें आहे, आणि तें सांगण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं वर्षाचा हिशेब कापसावर चालतो. पऱ्हाटी साधली तर दिवाळी, नाहीं तर सावकाराचा अगर बँकेचा उंबरठा. अशा घरांतील मुलगा सहलीची चिठ्ठी दप्तरांतून बाहेरच काढीत नाहीं. आपणांस जावयाचें नाहीं, असें तो वर्गांत आपण होऊन सांगतो, आणि त्याचे सोबती तें खरेंहि मानतात. विमानानें अगर जहाजानें जाणारी सहल निघाली म्हणजे वर्गाचे दोन भाग पडतात, एक गेलेल्यांचा व एक राहिलेल्यांचा. आणि परत आल्यावर महिनाभर ज्या गोष्टी चालतात त्या दुसऱ्या भागास मुकाट्यानें ऐकाव्या लागतात. ज्या शाळेच्या प्रार्थनेंत सर्व मुलें एका पित्याचीं लेकरें म्हणून उभीं राहतात, त्या शाळेनें हा भेद स्वतःच्या हातानें पाडावा हें आम्हांस पटत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, जिल्ह्यांत पाहण्यासारखें आहे तरी काय? हा प्रश्न विद्यार्थ्यांपेक्षां पालकच अधिक विचारतात, याचें वाईट वाटतें. बाहेरच्या वृत्तपत्रांत आमच्या जिल्ह्याचें नांव येतें तें बहुधा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या संबंधानें. तें दुःख खरें आहे, व तें झांकून ठेवावें असें आमचें म्हणणें नाहीं. पण दुसऱ्यांनीं लिहिलेलें तेवढेंच वाचीत गेल्यानें येथील मुलांच्या मनांत अशी समजूत घट्ट होत चालली आहे कीं, आपण जेथें जन्मलों तें सोडून जाण्याचें ठिकाण आहे, पाहण्याचें नव्हे. शुभवर्तमानांतील नथनेल नांवाच्या मनुष्यास नासरेथ गांवाविषयीं अशीच शंका आली होती. त्याच्या मित्रानें वाद घातला नाहीं. त्यास आपल्यासोबत नेलें. आम्हीहि वाद येथेंच थांबवून वाचकांस सोबत नेतों.

झरी जामणी तालुक्यांत शिबला-पारडी येथें २०२१ सालीं रस्त्याचें काम चालू असतां मातीखालून दगडाचे खांब निघाले. मुद्दाम घडवून रांगेनें उभे केल्यासारखे, कोनाकोनाचे, एकास एक लागून. प्रथम पाहणाऱ्यास एखादें पुरातन देवालय गाडलें गेलें असावें असा भास व्हावा. परंतु त्यांस कोणा पाथरवटाचा हात लागलेला नाहीं. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं या पठारावर जमिनीच्या भेगांतून शिलारस वाहिला. असा जाड थर निवत गेला कीं आकुंचन पावतो, आणि उन्हाळ्यांत आपल्या शेतांतील काळी माती जशी भेगाळते तसा तोहि भेगाळतो. मातीच्या भेगा वेड्यावांकड्या असतात. शिलारस सावकाश निवाला तर मात्र त्याच्या भेगा नियमानें पडतात, त्या खोल खोल उतरत जातात, आणि पंचकोनी, षट्कोनी खांब तयार होतात. कर्नाटकांत उडुपीजवळ समुद्रांत सेंट मेरीज नांवाचीं बेटें आहेत. तेथें असेच खांब पाहण्यासाठीं लोक नावेंत बसून जातात. आयर्लंडच्या किनाऱ्यावरील जायंट्स कॉजवे पाहण्यास तर साऱ्या जगांतून प्रवासी येतात. बेट पाहिजे म्हणणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं याचा जरा विचार करावा. ज्यासाठीं लोक नाव ठरवितात तें त्यांच्या जिल्ह्यांत रस्ता खणतांना निघालें आहे.

तेथून वणीकडे वळावें. वणीच्या आसपास दगडी कोळशाच्या खाणी आहेत. हा कोळसा म्हणजे पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वींच्या वनांचे अवशेष. त्याच्यापुढें शिबल्याचे खांब म्हणजे कालचें पोर. ज्या प्राचीन भूखंडावर तीं वनें वाढलीं त्यास भूगर्भशास्त्रज्ञ गोंडवाना म्हणतात, आणि हें नांव गोंड लोकांच्या मुलुखावरून घेतलेलें आहे. भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया व दक्षिण ध्रुवावरील अंटार्क्टिका हे सर्व ज्याचे तुकडे, त्या भूखंडाचें नांव आमच्या केळापूर, मारेगांव व झरीकडील गोंडांच्या जातीशीं जोडलेलें आहे. तें दूरदूरच्या देशांतील विद्यार्थी पाठ करतात. आमच्या वर्गांत गोंड मुलाशेजारीं बसणाऱ्या मुलास मात्र त्याचा अर्थ ठाऊक नसतो, आणि पुष्कळदां त्या गोंड मुलासहि नसतो.

जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवर पैनगंगा वाहते. उमरखेड तालुक्याच्या हद्दीवर ती काळ्या खडकांवरून अनेक धारांनीं खालीं झेप घेते तें सहस्रकुंड होय. पलीकडचा कांठ नांदेड जिल्ह्याचा. धबधब्याचें वर्णन आम्ही करीत बसत नाहीं. तें ज्यानें त्यानें कानांनीं ऐकावें. आमची सूचना एवढीच कीं, तेथें उभें राहून इतिहासाचें पुस्तक उघडावें. १८५३ सालीं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं गेलें, जरी नांवाचा धनी निजामच राहिला. पलीकडे १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत खुद्द निजामाचा अंमल होता. एका धबधब्याच्या दोन कांठांवर दोन कारभार, दोन नाणीं, दोन कायदे. आणि हें सर्व आमच्या आजोबांच्या आयुष्यांतलें. वर्गांत तासभर शिकवून जें डोक्यांत शिरत नाहीं तें नदीच्या कांठीं एका वाक्यांत समजतें, असा शिक्षकांचा अनुभव आहे.

कळंबच्या चिंतामणीविषयीं व वणीच्या रंगनाथस्वामींच्या देवालयाविषयीं येथील वाचकांस नवें सांगावें असें नाहीं. जमिनीच्या पातळीखालीं पायऱ्या उतरून जावयाचा कळंबचा गाभारा कोणत्याहि धर्माच्या मुलानें आदरानें पाहण्याजोगा आहे. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही शकुंतला रेल्वे कापूस वाहण्यासाठीं सुरू झाली व १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालली. आतां ती धांवत नाहीं, तरी तिचे अडीच फुटांचे चिमुकले रूळ ज्यांनीं पाहिले नसतील त्यांनीं ते दिसतात तोंवर पाहून घ्यावे. वर्ध्याहून कळंबपर्यंत रुंद रुळांची गाडी २०२४ च्या फेब्रुवारींत सुरू झाली.

आतां टिपेश्वर. आमच्या मतें सहलीचें खरें शिक्षण येथें आहे, आणि तें अवघडहि येथेंच आहे. पंढरकवड्याजवळचें हें अभयारण्य १९९७ सालीं घोषित झालें. त्याचा विस्तार सुमारें १४८ चौरस किलोमीटर आहे. सागवानाच्या या रानांत वाघ आहेत व ते दिसतातहि, म्हणून दूरदूरचे प्रवासी येथें मुद्दाम येतात. येथेंच जन्मलेला एक तरुण वाघ २०१९ च्या जूनमध्यें घर सोडून निघाला. शास्त्रज्ञांनीं त्याच्या गळ्यांत रेडिओचा पट्टा बांधला होता, म्हणून त्याची वाट कळली. शेतें, नाले, सडका ओलांडीत, महाराष्ट्र व तेलंगणाच्या कित्येक जिल्ह्यांतून हिंडत तो बुलढाणा जिल्ह्यांतील ज्ञानगंगा अभयारण्यांत पोहोंचला. सुमारें ३,००० किलोमीटरची त्याची चाल झाली. आपल्या रानाची ही गोष्ट परदेशच्या वृत्तपत्रांनीं छापली.

दुसरी गोष्ट इतकी गोड नाहीं. पंढरकवडा व राळेगांवच्या टापूंत २०१६ ते २०१८ या काळांत जे तेरा जीव गेले त्यांचा दोष एका वाघिणीवर ठेवण्यांत आला. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्रीं तिला गोळी घातली गेली, आणि देशभर वाद माजला. वाघिणीस मारावें कीं न मारावें याचा निवाडा आम्ही येथें करीत नाहीं. एवढें मात्र सांगतों कीं, त्या वादामुळें वाघिणीचें नांव आमच्या विद्यार्थ्यांच्या तोंडीं बसलें. गेलेल्या तेरांपैकीं एकाचें नांव विचारावें तर सारा वर्ग गप्प राहतो. तीं माणसें शेतावर अगर रानांत पोटासाठीं गेलेलीं होतीं. कोणाचीं गुरें, कोणाचें जळण, कोणाचें गवत.

गवत म्हटलें म्हणजे याच जिल्ह्यांतील आणखी एक गोष्ट आठवते. १० जुलै १९३० रोजीं वणीचे सुपुत्र लोकनायक बापूजी अणे यांनीं पुसदजवळील राखीव जंगलांत विनापरवाना गवत कापून कायदा मोडला व कारावास पत्करला. समुद्रकांठच्या लोकांनीं मीठ उचललें. आमच्यापाशीं समुद्र नव्हता, म्हणून आम्हीं गवत उचललें. गरिबाच्या गुरास रानांतील चारा मिळावा कीं नाहीं, हा तेव्हांचा प्रश्न होता. २००६ च्या वनहक्क कायद्यानें रानांत राहणाऱ्यांचे कांहीं हक्क मान्य झाले. पण विळा घेऊन रानाकडे जाणाऱ्या बाईस आज सरकारच्या शिपायाइतकेंच वाघाचेंहि भय आहे, आणि रान राखण्याचा जो मान आपण सर्वजण मिरवितों त्याची किंमत तिनें मोजली आहे.

म्हणून टिपेश्वरास जाऊन जीपमध्यें बसावें, वाघ पाहावा आणि परत यावें, एवढ्यानें तें पाहून झालें असें आम्ही मानीत नाहीं. अभयारण्याच्या कडेच्या एखाद्या गांवांत सहलीनें दोन तास बसावें. रात्रीं जागल कशी करतात, गुरें किती गेलीं, भरपाई केव्हां मिळाली, तिन्हीसांजेस मुलें शाळेंतून कशीं परततात, हें तेथील लोकांस विचारावें. आमच्याच शाळेंत गोंड, कोलाम व बंजारा विद्यार्थी आहेत. वर्षभर जो कोलाम मुलगा मागच्या बांकावर मुका बसतो, तो आपल्या पोडाच्या वाटेवर पुढें चालूं लागला म्हणजे केवढा बोलका होतो, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस आमचें म्हणणें सहज पटेल.

एक भीति आम्हांसहि आहे. सहली येऊं लागल्या म्हणजे त्यांच्या मागें कागद, बाटल्या आणि गोंगाट येतो. शिवाय हल्लीं देखाव्याकडे पाठ व मोबाइलकडे तोंड करून पाहण्याची जी रीत पडली आहे, तिच्यायोगें मनुष्य सहस्रकुंडास जाऊन केवळ स्वतःचेंच तोंड पाहून येतो. तें तर घरच्या आरशांतहि फुकट दिसतें. मोबाइल शाळेंत ठेवून जावे असें सुचवावेसें वाटतें, पण पालकांची चिंता आम्ही जाणतों. शिक्षकांजवळ एक असला म्हणजे पुरे.

मुलांनीं दूरचें जग पाहूंच नये काय, असा आक्षेप येईल. अवश्य पाहावें. ज्यास शिबल्याचे खांब ठाऊक आहेत त्यास सेंट मेरीजच्या बेटांवर दुप्पट दिसेल. ज्यानें पैनगंगेच्या दोन कांठांचा इतिहास समजून घेतला त्यास अंदमानचें कारागृह नुसती इमारत वाटणार नाहीं. प्रश्न केवळ अगोदर कोठें, हा आहे.

व्यवस्थेसंबंधीं दोन शब्द. सहस्रकुंडास पावसाळा ओसरूं लागल्यावर जावें. पाण्याचा जोरहि असतो व वाटहि सांपडते, मात्र शेवाळलेल्या खडकांवर कोणासहि पाय ठेवूं देऊं नये. टिपेश्वर पावसाळ्यांत बंद असतें, तेव्हां तें हिंवाळ्यांत ठेवावें. शिबला व वणी एकाच दिवशीं व्हावें, आणि बरोबर भूगोलाचे शिक्षक असावे. शिदोरी घरची. वर्गणी किती ठेवावी हें ठरवितांना वर्गांतील सर्वांत गरीब घर डोळ्यांपुढें ठेवावें व उरलेली तूट माजी विद्यार्थ्यांनीं भरून काढावी. तसें आवाहन केल्यास तें फुकट जाणार नाहीं अशी आमची खात्री आहे. येत्या नाताळच्या सुटीपूर्वीं निदान नववीच्या वर्गापुरता तरी हा प्रयोग करून पाहावा, अशी आमची मुख्याध्यापकांस व पालकसभेस विनंती आहे.