शिंप्याची भूमिका कोणाला?

शेक्सपिअरच्या नाटकांच्या भारतीय भाषांतील सर्वांत जुन्या ज्ञात प्रयोगांत अभ्यासक ज्याची गणना करतात, असा एक प्रयोग १८५२ मध्ये सुरतेत झाला. ‘द टेमिंग ऑफ द श्रू’ या सुखात्मिकेचे ते गुजराती रूपांतर ‘नठारी फिरंगण ठेकाणे आवी’ या नावाने रंगमंचावर आले आणि नायिका नावातच फिरंगण ठरल्यामुळे तिचा तोरा व तिला वठणीवर आणण्याचा खटाटोप ही दुसऱ्याच्या घरातली भानगड म्हणून निर्धास्तपणे पाहण्याची सोय प्रेक्षकांना मिळाली असावी. चार दशकांनी वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी त्याच नाटकाची ‘त्राटिका’ केली, तेव्हा ही सोय उरली नाही. केळकरांचे काम भाषांतराचे नसून रूपांतराचे होते. म्हणजे केवळ संवाद मराठीत न आणता नावे, नाती आणि रीतिरिवाज यांसह तो सगळा संसारच त्यांनी एतद्देशीय केला, आणि मग त्राटिका कोणाच्याही आळीतली मुलगी असू शकत होती.

अभिजात नाटक वेगळ्या स्थळकाळात नेणे आणि त्यात अपेक्षेबाहेरचे नट उभे करणे हे आधुनिक दिग्दर्शकाचे खूळ आहे, असे मानणाऱ्यांनी हा इतिहास ध्यानात घ्यावा. शाहूनगरवासी मंडळीच्या ‘त्राटिका’त गणपतराव जोशी नायक होते आणि त्राटिका होते बाळाभाऊ जोग, म्हणजे पुरुषच. शेक्सपिअरच्या काळीही ही भूमिका मुलगाच करी. मूळ नाटकाच्या अखेरीस नायिका पतीच्या आज्ञेत राहण्याचा उपदेश करणारे जे चव्वेचाळीस ओळींचे भाषण करते, ते पुरुषाच्या तोंडी असताना त्यात एक मिस्कीलपणा आपोआप येतो, कारण बायकोने कसे वागावे हे एक पुरुष दुसऱ्या पुरुषाला सांगत असतो. तेच भाषण नटी बोलू लागली की मिस्कीलपणा जातो, शब्द अंगावर येतात आणि ती हे मनापासून बोलते की वेळ मारून नेते, याचा निर्णय दिग्दर्शकाला करावाच लागतो. संहितेतला एकही शब्द न बदलता केवळ पात्रयोजनेने, म्हणजे कोणती भूमिका कोणाला द्यायची या निवडीने, नाटकाचा अर्थ असा फिरतो.

पाश्चात्त्य रंगभूमीवर हा प्रश्न बहुधा वर्णाच्या अंगाने उभा राहिला. ऑर्सन वेल्सने १९३६ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात कृष्णवर्णीय नटसंच घेऊन ‘मॅकबेथ’ केले. पीटर ब्रुकच्या १९८५ च्या ‘महाभारता’त अनेक देशांतले नट होते आणि द्रौपदी अहमदाबादच्या मल्लिका साराभाई होत्या. मराठी रंगभूमीवर मात्र भेद चेहऱ्यापेक्षा जिभेवर अधिक पाळला गेला. राजा, न्यायाधीश, शोकात्म नायक यांनी प्रमाण मराठी बोलायची आणि बोली उरायची गडी, हवालदार व विनोदापुरती, हा अलिखित दंडक अजूनही पुरता मोडलेला नाही. गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ने (१९८०) महाभारत मालवणीत आणले आणि पाच हजारांहून अधिक प्रयोग मिळवले, पण तेही हशाच्याच वाटेने. हबीब तन्वीरांनी १९५८ मध्ये ‘मृच्छकटिका’वरून ‘मिट्टी की गाडी’ करताना छत्तीसगडचे लोककलावंत दिल्लीच्या रंगमंचावर नेले, ती वाट मराठीत फारशी कोणी चोखाळली नाही.

सुरतेच्या मराठी माणसाला हा दंडक इतरांपेक्षा जास्त जाचावा. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांतली मराठी वस्ती मोठ्या प्रमाणात खानदेशातून, उधना–जळगाव रेल्वेमार्गाच्या गावांतून आलेली असून तिची घरातली भाषा अहिराणी आहे, तर लूम कारखान्यातला शेजारी ओडिया आणि बाजारातला व्यवहार सुरती गुजरातीतला. इथली हौशी मंडळी नाटक बसवतात तेव्हा मात्र पुण्यामुंबईची भाषा मोठ्या कष्टाने जिभेवर चढवली जाते, आणि ते कष्ट प्रेक्षागृहातल्या शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येतात. सुनील शानबाग यांनी ‘ऑल्स वेल दॅट एन्ड्स वेल’चे ‘सौ सारुं जेनुं छेवट सारुं’ हे गुजराती रूप २०१२ मध्ये लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात नेले, तेव्हा त्याला गुजराती व्यापाऱ्यांच्या जगाचे अस्तर होते. सुरतेच्या मराठी संघाने ‘त्राटिका’ पुन्हा हाती घेतली, तर अस्तर शोधायला रिंग रोडच्या कापड बाजारापलीकडे जावे लागणार नाही, कारण मूळ नाटकाच्या चौथ्या अंकात कपड्यावरचाच एक प्रवेश तयार आहे.

त्या प्रवेशात नायिकेसाठी शिवलेला झगा घेऊन शिंपी येतो. नायक तो पाहताक्षणी बाहीपासून चुका काढायला लागतो, आणि इतका सुरेख झगा आपण पाहिला नाही असे ती म्हणते, तरी तो ऐकत नाही. ऑर्डर अशीच होती, हे सिद्ध करायला शिंपी लिहिलेली चिठ्ठी वाचून दाखवतो. नायकाचा नोकर चिठ्ठीच खोटी ठरवतो. माल परत जातो. चांगल्या मालात खोट काढून तो परत धाडण्याचा हा प्रकार जॉबवर्कवर, म्हणजे दुसऱ्याच्या कापडावर मजुरीने काम करून पोट भरणाऱ्या कोणाही सुरतकराला टीप देऊन समजावावा लागणार नाही. बायकोला नमवण्यासाठी नवरा ज्याला चिरडतो तो शिंपी या व्यवहारात सर्वांत दुबळा आहे, आणि रूढ प्रयोगांत ही भूमिका पडेल नटाकडे, हशा काढण्यापुरती जाते. सुरतेत ती संघातल्या सर्वांत ताकदीच्या नटाला द्यावी, त्याने ती अहिराणीत करावी आणि चिठ्ठी वाचताना एकही शब्द विनोदी सुरात काढू नये. प्रवेश संपताना नायकाचा मित्र शिंप्याला बाजूला घेऊन पैसे उद्या देतो म्हणून सांगतो. शेक्सपिअरने ते उद्या मिळाले की नाही हे कुठेही लिहिलेले नाही, आणि रूपांतरकारानेही लिहू नये.