तुळाजी आंग्रे: 'बंडखोर' म्हटल्याने प्रश्न मिटत नाही

१/ तुळाजी आंग्र्यांचे नाव निघाले की दोनच शब्द कानी येतात. इंग्रजांच्या लेखी 'चाचा', आपल्या लेखी 'बंडखोर'. पहिला शब्द शत्रूचा; तो सोडून देऊ. दुसरा आपला आहे, आणि त्याच्याच आडून १७५६ च्या एका घोर चुकीचे आजही समर्थन होते. हा धागा त्या समर्थनाविरुद्ध.

२/ पोफळीच्या वीजगृहातून सुटलेले कोयनेचे पाणी वाशिष्ठीला मिळते, गोवळकोटाखालून वाहते आणि अंजनवेलच्या गोपाळगडापाशी समुद्र गाठते. शाहू महाराजांच्या जंजिरा मोहिमेनंतरही (१७३३-३६) हे दोन्ही दुर्ग सिद्दीकडेच राहिले होते. १७४५ च्या सुमारास ते जिंकले तुळाजीने.

३/ १७४९ मध्ये त्याने कंपनीचे 'रेस्टोरेशन' जहाज पकडले. १७५४ मध्ये तीन डच जहाजांना गाठून दोन जाळली, एक धरले. कान्होजींनंतर युरोपीयांना एवढा धाक या किनाऱ्यावर फार थोड्यांनी घातला.

४/ तो निर्दोष होता काय? मुळीच नाही. नानासाहेब पेशव्यांचे वर्चस्व त्याने झुगारले, सावंतांशी वैर केले, शेजारच्या मुलखाला उपद्रव दिला. अमेरिकेत गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या पक्षाकडून लढून हरलेल्या जनरल लीचे पुतळे उभारले गेले. रिचमंडचा २०२१ मध्ये उतरवावा लागला. तुळाजीसाठी तसला देव्हारा कोणी मागू नये.

५/ प्रश्न शिक्षेचा नाही. ती कोणाच्या हातून दिली याचा आहे. मार्च १७५५ मध्ये पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांशी करार केला. एप्रिलमध्ये कमोडोर जेम्सच्या तोफांपुढे सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजी पेशव्यांच्या छावणीत बोलणी करीत असताना वॉटसन व क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून आले. तोफगोळ्याने तेच 'रेस्टोरेशन' पेटले आणि त्या आगीत आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळाले.

६/ आता हिशेब पाहा. सुमारे १० लाख रुपयांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. पेशव्यांना छदामही मिळाला नाही. विजयदुर्ग परत मिळवायला ऑक्टोबरचा तह करावा लागला आणि बाणकोट इंग्रजांकडे गेले ते गेलेच. वॉटसन व क्लाइव्ह हीच जोडी पुढे बंगालवर गेली. जून १७५७: प्लासी.

७/ 'नंतरही पेशव्यांचे आरमार होतेच की!' होते. १७८३ मध्ये आनंदराव धुळपांनी इंग्रजांचे 'रेंजर' पकडले, हेही खरे. पण गेली ती केवळ जहाजे नव्हेत. घरच्या भांडणात मराठेच आपल्याला बोलावतात, हे कंपनीला उमगले. १७७५ मध्ये राघोबादादांनी सुरतेस इंग्रजांशी तह केला. ती वाट २० वर्षांपूर्वी पुण्यानेच मळवली होती.

८/ तुळाजी कैदेतच वारला. त्याला बंडखोर खुशाल म्हणा. पण बंडखोराला वठणीवर आणण्यासाठी राज्याच्या शत्रूला आपल्या बंदरात आणणाऱ्या धोरणालाही त्याचे खरे नाव द्या. मुत्सद्देगिरी हे ते नाव नव्हे.